सरखेल कान्होजी आंग्रे

वडूजच्या माळावरून समुद्र दिसत नाही. येरळेचे पाणी कृष्णेस मिळून पूर्वसागराकडे वाहत जाते. तरीही मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासात या मुलखाचा संबंध येतो. १७१३ च्या सुमारास छत्रपती शाहूंपुढे दोन संकटे उभी होती. खटावात कृष्णराव खटावकर यांनी बंड मांडले होते. आणि कोकणात कान्होजी आंग्रे यांनी प्रत्यक्ष पेशव्यांनाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केले होते. खटावकरांचे बंड बाळाजी विश्वनाथ यांनी लढून मोडले. कान्होजींशी मात्र त्यांनी लढाई न करता बोलणी केली. घाटावरचे घोडदळ कितीही शूर असले, तरी त्याला समुद्रावर थोडेच धावता येते! १७१४ साली कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि आरमाराचे सरखेलपद त्यांच्याकडेच राहिले.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. कान्होजींचा उदय सुवर्णदुर्गाच्या आश्रयाने झाला आणि पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे बनले.

त्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते असत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असून तिच्यावर मोठ्या तोफा असत. गलबत लहान व चपळ असे. वारा पडला तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर ते गुराबेला ओढून नेई. शत्रूचे जहाज गाठले, की मराठे त्याच्या पिछाडीस राहून शिडांवर आणि डोलकाठ्यांवर तोफा डागीत. डोलकाठी मोडली, की शिडे कोसळत, दोरखंडांचा गुंता होई आणि बलाढ्य जहाजही लाटांवर हेलकावत राही. मग गलबतांतील शिपाई त्यावर चढून जात.

परंतु शत्रूच्या तोफाही काही मुक्या नव्हत्या. स्वतःच्या डोलकाठ्या मोडल्या, तर कान्होजींचीही तीच गत व्हायची. तडा गेलेल्या काठीला खलाशी बाजूंनी लाकडाचे तुकडे लावून दोराने घट्ट आवळीत. तेवढ्यावर जहाज कसेबसे बंदर गाठी. खरी दुरुस्ती किनाऱ्यावरच होई. त्यासाठी सरळ, उंच व निर्दोष लाकूड लागे, आणि असे झाड वाढायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. त्याच काळात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले होते, की आरमारासाठी सागवान हुजूरच्या परवानगीनेच तोडावे. आंबा-फणसाला तर हातही लावू नये, कारण ती रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे असतात. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीच्या काठी खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आजही दिसते.

अशा तयारीमुळेच हे आरमार टिकले. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर हल्ले केले. १७२१ मध्ये तर पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते कुलाब्यावर चालून आले. प्रत्येक वेळी त्यांना हात हालवीत परतावे लागले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. ते पावसाळ्याचे दिवस होते. खवळलेल्या समुद्रावर अशा दिवसांत गलबते जात नसत. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे.