नोकरी गेल्यावर बूट शिवणाऱ्या गॅरी गायगॅक्सने खेळातल्या हिरोंना सहा आकडे दिले

डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड आठवतात का? रँक, उंची, वजन, छाती, दंड. आपला आकडा सरस निघाला की समोरच्याचा पत्ता आपल्या खिशात, विषय संपला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातही प्रत्येक पात्राच्या कागदावर असेच आकडे असतात. पहिल्यांदा खेळायला बसलेला माणूस ते बघून हमखास गोंधळतो. ताकद ८ म्हणजे पात्र नापास का? बुद्धी १४ म्हणजे कितीपैकी १४? हे समजून घ्यायचं तर ज्याने हे नियम छापून जगापुढे आणले, त्या गॅरी गायगॅक्सची गोष्ट माहीत पाहिजे.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी लहान असतानाच कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावात राहायला गेलं. पोराचं लक्ष बुद्धिबळात आणि अद्भुत कथांच्या पुस्तकांत. शाळा त्याने अर्धवटच सोडली. पुढे लग्न झालं आणि शिकागोच्या एका विमा कंपनीत अंडररायटरची नोकरी लागली. म्हणजे समोरच्याची जोखीम किती हे जोखायचं आणि त्यावरून विमा द्यायचा की नाही, कितीला द्यायचा हे ठरवायचं. हे काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फावल्या वेळात तो युद्धखेळ खेळायचा. टेबलावर छोटे सैनिक, हातात फुटपट्टी आणि फासे. १९६८ मध्ये त्याने ५० डॉलर भाड्याने गावातला हॉल घेतला आणि अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तोच ‘जेन कॉन’, आजही भरतो. पण १९७० मध्ये नोकरी गेली. घरात पाच मुलं. गायगॅक्स तळघरात बसून बूट दुरुस्त करायला लागला आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहायला लागला.

इथे दुसरा माणूस येतो, डेव्ह आर्नेसन. युद्धखेळात एक बाहुला म्हणजे बऱ्याचदा अख्खी तुकडी असायची. मिनेसोटाच्या आर्नेसनने आपल्या खेळात प्रत्येकाला एकच माणूस चालवायला दिला. तो मेला तर मेला, जगला तर पुढच्या डावाला आणखी अनुभवी होऊन येणार. १९७२ च्या सुमारास त्याने हा खेळ गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्सने नियम लिहायला घेतले आणि पहिली चाचणी घरातच झाली, मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस यांच्यावर.

आता अडचण बघा. तुकडी असेल तर किती जण आहेत एवढं सांगून भागतं. एकटा माणूस म्हटला की तो कसा आहे हे सांगावं लागतं.

आमच्या लोणखेड्याच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. आमच्याच शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. घेणारा दात बघून वय ओळखतो, चाल बघतो, उंची बघतो, गर्दीत बुजतो का तेही बघतो. घोड्याला १०० पैकी ७२ असे मार्क तिथे कोणी देत नाही. वरातीला एक घोडा चांगला, शर्यतीला दुसरा.

गायगॅक्स आणि आर्नेसनच्या खेळात माणसाची अशी सहा मापं ठरली. स्ट्रेंथ म्हणजे अंगातली ताकद. डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, हाताची सफाई. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, मार आणि आजार सोसायची तयारी. इंटेलिजन्स म्हणजे शिकून आलेली बुद्धी. विस्डम म्हणजे शहाणपण, समोरच्याच्या डोळ्यांत बघून काहीतरी गडबड आहे हे ओळखणं. नवख्यांचा गोंधळ या दोघांत सगळ्यात जास्त होतो. पुस्तकं पाठ असलेला माणूस बाजारात फसतो, तेव्हा त्याची इंटेलिजन्स भरपूर आणि विस्डम कमी असते. सहावी करिश्मा, म्हणजे छाप पाडण्याची ताकद. घोड्याचा भाव पाडायचा तर हीच कामाला येते.

प्रत्येक मापासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात. त्यात १८ येण्याचा प्रकार एकच, तर १० किंवा ११ येण्याचे ५४. म्हणजे बहुतेक माणसं मधली, फार थोडी टोकाची. मला यात विमा कंपनीतला गायगॅक्स दिसतो. शिवाय १९७४ च्या नियमांत आधी फासे पडायचे, मग त्यावरून लढवय्या व्हायचं की जादूगार ते ठरवायचं. जे पदरात पडलं त्यावर भागवायचं.

आणि ८ म्हणजे नापास नाही. आजच्या नियमात १० किंवा ११ ला काही मिळत नाही आणि काही जातही नाही. ८ असेल तर फाशातून एक वजा, १८ असेल तर चार अधिक. समजा तोरणमाळचा कडा चढायचा आहे आणि वीस बाजूंच्या फाशावर बेरीज १५ हवी. १८ ताकदीचा गडी निम्म्या वेळा चढेल, ८ वाला चारातून एकदा. पण चढेल. तो चढतो तेव्हा टेबलावर जो आरडाओरडा होतो, तो पहिलवानाच्या वाट्याला येत नाही. हा सरळ हिशेब मात्र गायगॅक्सचा नाही, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतला आहे. त्याच्या काळातले तक्ते किचकट होते. काही चुकीचेही होते. १९७८ च्या पुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा कमी मर्यादा होती. ड्रॅगन चालतो, जादू चालते, ताकदवान बाई चालत नाही! पुढे ती काढली गेली.

खेळ कोणी छापेना, म्हणून १९७३ मध्ये गायगॅक्स आणि बालमित्र डॉन के यांनी टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये पहिल्या १००० प्रती आल्या आणि वर्षाच्या आत संपल्या. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेला. आर्नेसनने श्रेय आणि मानधनासाठी १९७९ मध्ये कोर्टात खेचलं, १९८१ मध्ये तडजोड झाली. कोणती कल्पना कोणाची, यावर खेळाडू अजून भांडतात. आर्नेसनच्या जुन्या खेळात पात्रांना अक्कल, धाडस, घोडेस्वारी अशी मापं आधीपासून होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या गायगॅक्सला देणं मला पटत नाही.

खेळाच्या कार्टून मालिकेसाठी गायगॅक्स हॉलिवूडला गेला आणि इकडे कंपनी कर्जात बुडाली. तो परतला, पण भागीदार ब्लूम बंधूंनी आपले शेअर लॉरेन विल्यम्सना विकले. ऑक्टोबर १९८५ मध्ये कंपनीचा ताबा त्याच्या हातून गेला. कोर्टातही काही झालं नाही आणि पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. १९९२ मध्ये त्याने नवा खेळ काढला, तर टीएसआरने त्यावरही खटला भरला.

तो लेक जिनिव्हातच राहिला. ४ मार्च २००८ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी तिथेच वारला. त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत त्याच्या घरी दर आठवड्याला खेळ बसत होता.