समान कामाला समान वेतन : मजूरमंत्री डॉ. आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना आठवते. त्याआधी 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामाच्या जागी समान वागणूक आणि समान वेतन हा प्रश्न त्यांनी त्याच्याही आधीपासून लावून धरला होता.

सोलापूरचे वसतिगृह

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून ते 1923 मध्ये परतले. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. जानेवारी 1925 मध्ये या सभेने दलित विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. 1877 पासून कापड गिरण्या असलेले सोलापूर हे मुंबई इलाख्यातले महत्त्वाचे कामगारांचे शहर होते. मुले शिकली तरच हलक्या, कमी पैशांच्या कामातून सुटतील, हा विचार या वसतिगृहामागे होता.

गिरणीतली शिवाशिव

मुंबईच्या गिरण्यांमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मजुरी चांगली मिळे. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे दलितांना तिथे घेत नसत. 1928 च्या मोठ्या संपात हा प्रश्न आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मजुरीचा दर सर्वांना एकच असला, तरी चांगल्या कामाचे दारच बंद असेल तर त्या समानतेला अर्थ राहत नाही.

त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणात भत्ता देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 मध्ये हा कायदा झाला.

कोळसा खाणींचा पेच

मजूर खात्यात असताना त्यांच्यासमोर अवघड प्रसंग आला. स्त्रियांना जमिनीखालच्या खाणकामाला मनाई होती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा 1943 मध्ये सरकारने ती उठवली. त्यावर जोरदार टीका झाली. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात आंबेडकरांना या निर्णयाची बाजू मांडावी लागली. तिथे त्यांनी एका अटीवर भर दिला : या कामात स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल. युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी 1946 मध्ये, मनाई पुन्हा लागू झाली. स्त्रीचे संरक्षण करायचे की तिला समान मजुरीवर काम द्यायचे, हा वाद मात्र पुढेही चालू राहिला.

घटनेपासून कायद्यापर्यंत

आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेच्या कलम 39 मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन आणि कलम 42 मध्ये प्रसूती साहाय्य यांचा समावेश झाला. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत; त्यांच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. त्यासाठी वेगळा कायदा हवा होता. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे निधन झाले, तोवर तो झाला नव्हता.

1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात अध्यादेश निघाला आणि 1976 मध्ये समान वेतन कायदा आला. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी स्त्रीला कमी मजुरी देण्यास आणि भरतीत भेदभाव करण्यास त्याने बंदी घातली. 2019 च्या वेतन संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला.

सोलापुरात आज हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि दरात स्त्री-पुरुष असा फरक नसतो. पण हे काम करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. मग समान वेतनासाठी तुलना कोणाशी करायची? कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, हा साचेखात्यातला जुना प्रश्न इथे अजून सुटलेला नाही.