पां. ना. राजभोज : कनाशी ते संसद

काळाराम मंदिर सत्याग्रहाचे स्मरण होताच आपल्या जिल्ह्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु मार्च १९३० मध्ये मंदिराच्या चार दरवाजांवर ज्या चार तुकड्या बसल्या, त्यांपैकी एकीचे नेतृत्व पांडुरंग नाथुजी राजभोज करीत होते, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. राजभोज याच मातीतले. १९०५ साली नाशिक जिल्ह्यातील कनाशी येथे चर्मकार कुटुंबात ते जन्मले.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतिदहनाच्या ठरावास त्यांनी अनुमोदन दिले. पुढच्याच वर्षी पुण्यातून ‘दलित बंधू’ हे पत्र काढले. ज्या समाजासाठी पत्र काढायचे, त्यात वाचू शकणारेच मूठभर. जाहिराती कोण देणार? अशा वेळी संपादक होणे म्हणजे पदरमोड करणे, हे आम्हांला आज सहज उमगत नाही. हे संपादक लिहून थांबले नाहीत. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात दगडफेकीत ते जखमी झाले.

पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. त्यानंतर काही वर्षे ते गांधीजींच्या हरिजनकार्याकडे झुकले आणि बाबासाहेबांपासून दुरावले. ही गोष्ट झाकून चरित्र सांगावे, असे आम्हांला वाटत नाही. कारण १९४२ मध्ये नागपुरास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा सरचिटणीसपद राजभोजांकडेच आले. दुरावलेल्या माणसावर एवढा भार टाकण्याचे मोठेपण बाबासाहेबांचे, आणि परतण्याचे धैर्य राजभोजांचे. मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले, तेव्हा माईसाहेबांबरोबर राजभोजही सोबत होते.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक मात्र विलक्षण ठरली. मुंबईत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. सोलापुरातून राजभोज लोकसभेवर निवडून आले. फेडरेशनला देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या होत्या, त्यांतली ही एक.

पुढे ते फेडरेशन सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि १९५७ ते १९६२ राज्यसभेत होते. आपल्या समाजाने त्यांचे नाव मागे टाकले ते बहुधा या दुसऱ्या दुराव्यामुळे. तो निर्णय आम्हांलाही पटत नाही. पण त्यापायी मंदिराच्या दारातले ते दिवस आणि ‘दलित बंधू’चे अंक पुसले जावेत, हे त्याहून कमी पटते. १९८४ साली त्यांचे निधन झाले.