संत बर्नाडेट : नांव आणि जीवन

बर्नाडेट हें नांव आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत सुपरिचित आहे. परंतु त्याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. जुन्या जर्मन भाषेंतील 'अस्वल' व 'धीट' अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून बर्नार्ड हें पुरुषनाम सिद्ध झालें. त्याचें फ्रेंच स्त्रीरूप बर्नार्द. आणि बर्नाडेट हें त्याचेंच लाडकें, लघुत्वदर्शक रूप होय.

फ्रान्समधील लूर्द गांवीं ७ जानेवारी १८४४ रोजीं फ्रांस्वा सूबिरू या पाणचक्कीवाल्यास पहिली कन्या झाली. दोन दिवसांनीं तिचा स्नानसंस्कार होऊन मारी-बर्नार्द असें नांव ठेवण्यांत आलें. धर्ममाता झालेल्या मावशीचें नांवहि बर्नार्दच होतें. घरीं मात्र सर्वजण मुलीस बर्नाडेट म्हणत. पुढें पाणचक्की हातची गेली व हें कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या कोंदट खोलींत राहूं लागलें. १८५५ सालीं बर्नाडेटला पटकी झाली. दम्यानें तर तिला जन्मभर सोडलें नाहीं. चौदाव्या वर्षींहि तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें.

११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळांत मासाबिएलच्या गुहेंत पवित्र मरियेनें तिला अठरा वेळां दर्शन दिलें. पोलीस, सरकारी वकील व धर्मगुरु यांनीं तिची कसून उलटतपासणी केली. तुरुंगाची भीति घातली. परंतु तिनें आपली साक्ष फिरविली नाहीं, आणि घरांत दारिद्र्य असतां कोणाचा पैसाहि स्वीकारला नाहीं. नांवांतील धीटपणा या दुबळ्या मुलीनें असा खरा करून दाखविला. १८ जानेवारी १८६२ रोजीं तार्बच्या बिशपांनीं तिची साक्ष ग्राह्य ठरविली.

लोकांची गर्दी व स्तुति यांपासून दूर, १८६६ सालीं ती नेव्हेर येथील मठांत गेली. तेथें तिला मारी-बर्नार हें नांव मिळालें. रुग्णांची शुश्रूषा करीत व स्वतः दुखणीं सोशीत १६ एप्रिल १८७९ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, ती निवर्तली. ८ डिसेंबर १९३३ रोजीं अकरावे पायस यांनीं तिला संतपद दिलें.

स्नानसंस्काराचें नांव व मठांतील नांव मागें राहिलें. आईबापांनीं हांक मारलेलें लहानसें नांवच वेदीवर चढलें. आपल्या कन्येस तें देणाऱ्या मातापित्यांनीं तिला त्याचा अर्थहि अवश्य सांगावा.