सात की नऊ?

अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो की मी आधी उत्तरेचे दार गाठतो. तिथल्या तुळईवरचा शिलालेख मला वाचता येत नाही. पण त्यातल्या एका आकड्याची गोष्ट ठाऊक आहे. सातच्या जागी नऊ वाचला गेला तर काय होते, हे बँकेत खातेवह्या तपासलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ही गोष्ट पंडित भगवानलाल इंद्रजींची. जन्म जुनागढचा, १८३९ सालचा. गिरनारच्या पायथ्याच्या लेखांनी त्यांना लहानपणीच वेड लावले. पदवी नाही, इंग्रजी जेमतेम. जुन्या अक्षरांचा तक्ता मिळवून ते स्वतःच लिपी शिकले. १८६१ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना मुंबईस आणले. मग डॉक्टरांच्या खर्चाने गावोगावी हिंडून ठसे घ्यायचे, हेच त्यांचे आयुष्य झाले.

अंबरनाथचा लेख भाऊ दाजींनी शक ७८२, म्हणजे इ.स. ८६०चा मानला होता. १८७४ साली डॉक्टर वारले. पुढे भगवानलालांनी तो लेख पुन्हा तपासला आणि शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असे वाचन छापले. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी धाकटे झाले. आणि चूक होती अन्नदात्या गुरूची!

दगडी देवळाच्या वयाला कार्बनची कसोटी लावता येत नाही. ती एके काळी जिवंत असलेल्या पदार्थांना लागते. इथे साक्ष अक्षरांची आणि वंशावळीची. लेखात शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. कान्हेरीचे लेख सांगतात, की ८५३ आणि ८७७ साली उत्तर कोकणात दुसरा कपर्दी राज्य करीत होता. मम्वाणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट मात्र शक ९४८चा आहे. हिशेब नऊशेब्याऐंशीवरच जुळतो.

१८८२ मध्ये भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. करंडकात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. तिथेही काळ बोलला तो नाण्यातून. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ साली ते मुंबईत वारले.

गुरूंच्या मागे त्यांची चूक झाकून ठेवणे सोपे होते; कोणी विचारणारही नव्हते. पण ज्यांनी अक्षर नीट पाहायला पाठवले, त्यांचे ऋण अक्षर नीट पाहूनच फिटते, असे मला त्या दाराखाली उभे राहिले की वाटते.