नामदार गोखले : विरोध केला, वैर नाही

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने नोकरी धरून धाकट्याला शिकवलं. १८८४ साली बी. ए. झाल्यावर गोखले पुण्यात शिक्षक झाले. आधी न्यू इंग्लिश स्कूल, पुढे फर्ग्युसन कॉलेज. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. आकडे पडताळल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त त्यांच्याकडची. आम्हा बँकवाल्यांना याचं मोल लगेच कळतं!

१८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तातल्या सैनिकांवर त्यांनी विलायतेत आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी भित्रा म्हणून हिणवलं, ते त्यांनी सोसलं. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शिलकीचा हिशोब मांडून मिठावरच्या कराला विरोध केला. भाषा सौम्य, पण आकडे बिनतोड. पुढच्याच वर्षी तो कर कमी झाला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ते काँग्रेसचे अध्यक्षही झाले.

टिळकांशी मात्र त्यांचं जमलं नाही. संमतिवयाच्या कायद्यावरून खटके उडाले, १९०७ साली सुरतेला काँग्रेसच फुटली. टिळक मंडालेहून सुटून आल्यावर समेटाची बोलणी झाली, तीही फिसकटली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, तेव्हा वय अवघं ४८.

आपल्या टेमघरचं पाणी मुठेतून खडकवासल्याला जातं. तिथून जवळच्या सिंहगडावर टिळक तेव्हा मुक्कामाला होते. बातमी कळताच ते पुण्यात आले आणि स्मशानात उभं राहून त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा गौरव केला. मतभेद मिटलेला नव्हता, तरी माणसाची किंमत त्यांनी कमी केली नाही.

पंचवीस वर्षांत आपल्याकडेही पार्किंग झालं, मेंटेनन्स झाला, निवडणुका झाल्या. काही शेजाऱ्यांचं येणंजाणं त्यापायी थांबलं. मत बदला असं कुणी म्हणत नाही. पण येत्या वार्षिक सभेत समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून, हातात हिशोब घेऊनच विरोधाला उठू या. आणि ज्या घरी जाणं थांबलंय, तिथे यंदा दिवाळीचा फराळ आपणच आधी नेऊ या.