टायटॅनिकचा इंजिनियर

'टायटॅनिक' सिनेमा न पाहिलेला मुलगा हॉस्टेलवर शोधूनही सापडणार नाही. जॅक आणि रोझ सगळ्यांना पाठ! पण त्यात नकाशे पसरून कॅप्टनला जहाज बुडणार हे समजावणारा एक शांत माणूस आहे. मला त्याच्याबद्दल लिहायचंय, कारण तो आपल्याच बिरादरीतला. थॉमस अँड्र्यूज.

जन्म ७ फेब्रुवारी १८७३, आयर्लंडच्या उत्तरेकडचं कोंबर गाव. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या जहाजांच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. तिथले एक भागीदार त्याचे सख्खे मामा, पण भाच्याला सूट नव्हती. सकाळी सहाला हजेरी. सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग, रंगकाम असं करत पाच वर्षं उमेदवारी, त्यातले अठरा महिने ड्रॉइंग ऑफिसात. आपलं पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा आणि त्याला पाचाने गुणा! १९०७ मध्ये तो मॅनेजिंग डायरेक्टर आणि डिझाइन विभागाचा प्रमुख झाला.

टायटॅनिकच्या तळात पंधरा आडव्या भिंती घालून सोळा कप्पे केले होते. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल, असा हिशोब. एप्रिल १९१२ मधल्या पहिल्या सफरीत अँड्र्यूज कारखान्याच्या आठ माणसांना घेऊन स्वतः निघाला. काय सुधारायचं याच्या नोंदी तो रोज करायचा. केबिनमधल्या टोप्यांच्या खुंट्यांना स्क्रू जास्त झालेत, हेसुद्धा त्याने टिपलं होतं.

१४ एप्रिलला रात्री ११.४० ला हिमनग घासला. भेगांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस फूट, म्हणजे आपल्या खोलीच्या दारापेक्षाही कमी. पण त्या लांबवर पसरल्या होत्या आणि पाणी पाच कप्प्यांत शिरलं. भिंती वरच्या डेकपर्यंत नेलेल्या नव्हत्या, त्यामुळे बर्फाच्या ट्रेसारखं एक कप्पा भरला की पाणी पुढच्यात. अँड्र्यूजने तळ पाहिला, हिशोब केला आणि कॅप्टनला खरं ते सांगितलं. आपल्याच डिझाइनचा असा निकाल द्यायची वेळ कुणावर येऊ नये.

बोटी होत्या वीस, जागा ११७८ जणांना, आणि जहाजावर सुमारे २२०० माणसं. गंमत म्हणजे कायदा मोडलेला नव्हता! ब्रिटिश नियम बोटी मोजायचा जहाजाच्या टनांवर, माणसांवर नाही, आणि त्याचा तक्ता १०,००० टनांवर संपायचा. टायटॅनिक ४६,००० टनांचं. शिवाय प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. पहिली बोट ६५ जणांची, पण उतरली २८ जणांना घेऊन.

अँड्र्यूज केबिन-केबिन फिरून लोकांना लाइफजॅकेट घालायला लावत होता, बायकांना बोटीत बसवत होता. शेवटी तो पाण्यातल्यांना आधार म्हणून डेकवरच्या खुर्च्या खाली टाकत होता, असंही सांगतात. २.२० ला सगळं संपलं. सुमारे १५०० माणसं गेली. तो आणि त्याचे आठही सहकारी त्यांतच. वय ३९, घरी बायको आणि लहान मुलगी.

१९१४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला: प्रत्येकासाठी बोटीत जागा, कवायत, चोवीस तास वायरलेसवर माणूस. तरी १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं आणि ३२ जण गेले. बोटी होत्या, पण जहाज सोडायचा हुकूम तासाभराहून जास्त उशिरा आला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत राहिली होती, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांची मुदत द्यायचा. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते.

नियम असा प्रत्येक वेळी माणसं गेल्यावर शहाणा होतो. म्हणून मला वाटतं, नियमात बसलं की काम झालं असं इंजिनियरने समजू नये. सबमिशनच्या आदल्या रात्री फॅक्टर ऑफ सेफ्टी डेटाबुकातून उचलताना एक क्षण थांबा, आणि त्या जहाजात आपण स्वतः बसलोय असं समजून तो आकडा लिहा. अँड्र्यूज खरंच बसला होता.